बायको कॅमेरा दिसला की तोंड फिरवते?

‘हस ना जरा’ म्हणणं आधी बंद करा. तिला खिडकीशी बसवून हातात काम द्या: मेथी निवडणं, गजरा ओवणं, काहीही. उजेड एका बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद. ५० एमएम लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/२.८, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ऑटोवर. फोकस जवळच्या डोळ्यावर. १८ एमएमची वाइड लेन्स लावून तोंडाशी जाऊ नका, नाक मोठं येतं आणि मग पुढचे सहा महिने फोटो विसरा. सेटिंगची खटपट आधी खिडकीत तांब्या ठेवून उरकून घ्या. आमची ही कंटाळायची ती त्या पाच मिनिटांतच. तिला न आवडलेला फोटो तिच्यासमोरच डिलीट करा, हुज्जत न घालता. तुम्हाला कितीही आवडला असला तरी.