किट विमानाची काउलिंग आणि टिप्स: फायबरग्लास बसवायची माझी पद्धत

आमची आरव्ही-७, म्हणजे घरी जोडायचं किट विमान, जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची, भोकं आधीच पाडून आलेली, त्यामुळे क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावा, रिव्हेट मारा, पुढे चला ही सवय अंगात मुरलेली. मग एक दिवस फायबरग्लासचे खोके उघडले. विंगटिप्स म्हणजे पंखांची टोकं, एलिव्हेटर-रडरच्या (शेपटीच्या हलणाऱ्या पात्यांच्या) टिप्स, व्हील पँट्स म्हणजे चाकांवरची आवरणं, आणि ती भलीमोठी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण. कुठल्याही किटचं घ्या, यातला पार्ट उचलला आणि बसला असं होतच नाही, आणि बऱ्याच जणांचा धीर इथेच सुटतो, चांगलं तयार होत आलेलं विमान महिनोन्महिने गॅरेजमध्ये पडून राहतं. ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, पत्रा जास्त कापला तर बाद, पण फायबरग्लास जास्त कापला तर परत वाढवता येतो. थोडं घासायचं, थोडं भरायचं, असं करत कड शेजारच्या कडेला आणून मिळवायची. हे एकदा मनाला पटलं की निम्मी भीती जाते.

सामानाचं पटकन सांगतो. रेझिन इपॉक्सीच घ्या, पार्ट पॉलिएस्टरचा असला तरी त्यावर इपॉक्सी छान धरतं, उलटं मात्र होत नाही. मी वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन आणि २०६ स्लो हार्डनर वापरतो, प्रमाण ५ ला १, आणि ७२ फॅरनहाइटला साधारण २० मिनिटं हातात मिळतात. एका वेळी थोडंच कालवा, मोठा कप भरून ठेवला तर आपल्याच उष्णतेने तापतो, धूरसुद्धा येतो. मायक्रो म्हणजे काचेचे बारीक पोकळ गोळे, हलके आणि घासायला सोपे, ते फक्त आकार द्यायला. जिथे जोर येणार, कडा किंवा स्क्रूची जागा, तिथे फ्लॉक्स, म्हणजे कापसाचा भुगा. दोन्ही चक्क्याइतकं घट्ट कालवायचं, चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. घासताना मास्क चांगला रेस्पिरेटरच हवा, साधा कागदी नको, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर अंग खाजतं. नंतर हात गार पाण्याने धुवायचे.

पार्ट आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, मग ॲसिटोनने पुसा, कारण साच्याचं मेण लागलेलं असतं आणि ते राहिलं तर पुढे ना इपॉक्सी धरेल ना रंग.

आता काउलिंग, हिच्यावर थांबू जरा. सुरुवात पुढून, स्पिनरपासून, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोकदार टोपीपासून. स्पिनरच्या बॅकप्लेटमागे (मागच्या तबकडीमागे) पाव इंचाची प्लायवूडची चकती लावली आणि काउलिंगचे वरचा-खालचा दोन्ही भाग पुढून तिला टेकवून क्लॅम्प केले, म्हणजे गॅप आपोआप सगळीकडून सारखी. इथे एक लक्षात ठेवा, इंजिन माउंटची रबरं नंतर दबतात आणि इंजिन थोडं खाली बसतं, म्हणून आज स्पिनर काउलिंगपेक्षा १/१६ इंच वर ठेवलेला बरा.

पुढचं पक्कं झालं की मागची कड. कापायच्या आधी काउलिंग फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी) पत्र्यावर चढून बसते, त्यामुळे खालची पत्र्याची कड दिसतच नाही. तर आधी, काउलिंग चढवायच्या अगोदर, पत्र्याच्या कडेपासून बरोब्बर ३ इंच मागे मास्किंग टेपची रेघ ओढून घ्यायची. काउलिंग चढवली की त्या टेपपासून ३ इंच पुढे मोजत काउलिंगवर खुणा करायच्या, दर दोन इंचांवर एक, आणि खुणा जोडल्या की कड जशीच्या तशी वर उमटते. ड्रेमेलने (हातात धरायच्या छोट्या फिरत्या कटरने) रेषेच्या १/१६ इंच बाहेरून कापायचं आणि उरलेलं लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर चिकटवून घासायचं. हातात नुसता पेपर धरून घासू नका, कड लाटेसारखी होते. चार फेऱ्या घासा, चढवा, बघा, उतरवा, परत घासा. माझं हे तीन वीकेंड चाललं, बायको दुसरं टोक धरून उभी राहायची.

तरी डाव्या बाजूला चार इंचांत मी जास्त घासलं आणि चांगली १/८ इंचाची फट पडली. पोटात गोळा आला होता. मग पत्र्याच्या कडेवर खाकी पॅकिंग टेपचे दोन थर गुंडाळले, काउलिंग चढवून पक्की केली, फटीत फ्लॉक्स गच्च भरलं, दुसऱ्या दिवशी घासून सपाट केलं आणि टेप सोलून काढली. टेपच्या जाडीइतकीच एकसारखी बारीक फट उरली. आतून काचेच्या कापडाचे दोन थर दिले. इतकी सुंदर कड मला नुसतं घासून कधीच जमली नसती, म्हणून पुढे सगळ्याच जोडांना हीच युक्ती वापरली. पत्र्याला मात्र पॉलिश पेपर लागू देऊ नका, ॲल्युमिनियमवरचा अल्क्लॅडचा, म्हणजे गंजापासून वाचवणारा, थर पातळ असतो.

विंगटिपची मागची कड एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलणाऱ्या पात्याच्या) रेषेत नसेल तर ओढूनताणून बसवू नका. ती कड करवतीने मधून चिरा, दोन सरळ ॲल्युमिनियम अँगलमध्ये धरून रेषेत आणा, आत फ्लॉक्स भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. टिपच्या आत नॅव्हची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओची) अँटेना बसवायची असेल तर रिव्हेट मारायच्या आधीच ठरवा, फायबरग्लासमधून सिग्नल जातो, कार्बन फायबरमधून जात नाही.

एलिव्हेटर आणि रडरच्या टिप्सवर मायक्रो कमीत कमी. बिजागरीच्या मागे वजन वाढलं तर बॅलन्स बिघडतो आणि फ्लटर, म्हणजे हवेत पातं जोरात थरथरणं, ही जिवावरची गोष्ट आहे, म्हणून रंग झाल्यावर बॅलन्स परत तपासाच.

शेवटी पिनहोल्स, सुईच्या टोकाएवढी भोकं, शेकड्यांनी असतात. नुसतं इपॉक्सी लावून जुन्या क्रेडिट कार्डाने दाबून ओढायचं, म्हणजे ते भोकांत शिरतं. वाळल्यावर वर तेलकट थर दिसला तर घासायच्या आधी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पेपर चिकट होतो. असे दोन-तीन हात, मग हायबिल्ड प्रायमर (जाड थराचा अस्तराचा रंग), आणि अंधारात टॉर्च आडवा धरून बघायचं, जिथे ठिपक्याची सावली पडेल तिथे पेन्सिलीने गोल करून तेवढंच परत भरायचं.