थकवा आणि उदासीसाठी व्हे प्रोटीन: उपयोग होतो का, हे स्वतः कसे तपासावे

ठाण्याहून सकाळच्या लोकलने निघून रात्री आठनंतर घरी परतणाऱ्या माणसाने थकव्याची तक्रार केली, की कोणीतरी त्याला व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, डबा सुचवतो. तो घेण्यापूर्वी दोन आठवडे वहीत रोजची झोप लिहा आणि सकाळी व दुपारी चार वाजता थकवा व मनःस्थिती यांना दहापैकी गुण द्या. या नोंदी नसतील, तर बरे वाटले ते पावडरीमुळे की नव्या उपायाच्या आशेमुळे, हे नंतर ठरवता येणार नाही.

त्याच काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण लोहाची किंवा बी-१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि ती प्रथिनांच्या पावडरीने भरून निघत नाही.

मग आहाराचा हिशेब करा. प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. २५० मिलिलिटर दुधातून त्यांपैकी आठेक ग्रॅम मिळतात. डाळ, दही, अंडी, मासे यांतून ही गरज भागत असेल, तर डब्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

व्हेने मनःस्थिती सुधारते या दाव्यामागे मात्र तथ्याचा एक धागा आहे. चक्का बांधल्यावर फडक्यातून गळणाऱ्या पाण्यात जी प्रथिने असतात, तीच व्हे; त्यातील अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असते आणि मेंदू त्यापासून मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन हे रसायन तयार करतो. नेदरलँड्समधील २००० सालच्या एका प्रयोगात या प्रथिनाने समृद्ध आहार घेतल्यावर रक्तातील ट्रिप्टोफॅनचे इतर मोठ्या अमिनो आम्लांशी असलेले प्रमाण केसीन या दुधातील दुसऱ्या प्रथिनाच्या आहारापेक्षा ४८ टक्के अधिक आढळले, आणि ताण लवकर घेणाऱ्यांमध्ये ताणाखालची उदासी कमी दिसली. परंतु तो आहार मुद्दाम तसा तयार केलेला होता. साध्या व्हेमध्ये ल्यूसीनसारखी इतर अमिनो आम्लेही मुबलक असतात आणि मेंदूत शिरताना ती ट्रिप्टोफॅनशी स्पर्धा करतात, म्हणून तो निष्कर्ष जिममधल्या डब्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

तरीही करून पाहायचे असेल, तर चार आठवडे रोज ठरावीक वेळी एकच माप घ्या, चहा, झोप आणि व्यायाम बदलू नका, आणि नंतर दोन आठवडे थांबून तिन्ही काळांतील गुण ताडून पाहा. लेबलवर कॅफीन असेल तर तो डबा या चाचणीसाठी निरुपयोगी आहे, कारण तरतरी त्याचीच असू शकते. दुधाने पोट फुगत असेल, तर कमी लॅक्टोज (दुधातील साखर) असलेले आयसोलेट, म्हणजे अधिक शुद्ध केलेले व्हे, निवडा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही पावडर घेऊच नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा लेव्होडोपा हे पार्किन्सनवरील औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि थायरॉइडची गोळी व पावडर यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणे नको वाटू लागले, तर ही चाचणी पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.