‘रिमेकने वाट लावली’ म्हणण्याआधी या चुका टाळा

जुना व्हिडिओ गेम भारी की त्याचा रिमेक, म्हणजे नव्याने बनवलेली आवृत्ती, या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा भलत्याच गोष्टींची तुलना करत असतात, हे माझं ठाम मत. चवथीला गावच्या घरी सगळे भाऊ जमले की हा वाद होतोच, एकजण म्हणतो आत्ता डाउनलोड केलेला मारिओ जास्तच फास्ट पळतो, दुसरा म्हणतो म्युझिक बदलून टाकलंय रे यांनी, आणि गंमत म्हणजे दोघांच्या डोळ्या-कानांचं काही चुकलेलं नसतं. खापर फक्त चुकीच्या माथ्यावर फुटतं.

तुमचा ‘ओरिजिनल’ नक्की कुठला?

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. नव्वदीत किंवा दोन हजारच्या आसपास ज्यांनी हातात गेमचा रिमोट धरला त्यातल्या बहुतेकांनी खरा निन्टेन्डो कधी बघितलेलाच नाही. म्हापशाला नाहीतर मडगावला मिळायचा तो टीव्ही गेम म्हणजे जपानच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या कन्सोलची (टीव्हीला जोडायच्या गेम मशिनची) नक्कल, म्हणजेच क्लोन, कॅसेटवर 9999 गेम छापलेले आणि आत फिरून फिरून तेच पंधरा-वीस. तेव्हा जपान-अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला साधारण 60 फ्रेम (चित्रं), आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे 50. त्या काळचे गेम बहुतेक फ्रेम मोजून चालायचे, त्यामुळे 60 साठी लिहिलेला गेम 50 वर टाकला की सगळंच मंदावतं, 10 सेकंदांची उडी-पळापळ 12 सेकंदांची होते, म्युझिकसकट. लहानपणी आपण पाल टीव्हीसाठीच्या क्लोनवर तो हळू मारिओ खेळलो, तोच अंगवळणी पडला, आणि आता खरा वेग समोर आला की वाटतं कोणीतरी छेडछाड केली.

आवाजाचंही तसंच. बऱ्याच क्लोनच्या चिपमध्ये आवाजाची एक सेटिंग मूळ चिपच्या उलट बसवलेली असायची, त्यामुळे सूर तोच पण आवाजाची जात वेगळी, जरा पोकळ किंवा चिरकी. म्हणून एम्युलेटरवर (कॉम्प्युटर-मोबाइलवर जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बरोबर वाजणारं म्युझिक आपल्यालाच खोटं वाटतं. तुम्हाला तोच जुना आवाज हवा असेल तर काही एम्युलेटरमध्ये क्लोनवाला मोड मिळतो, तो लावा आणि मजेत खेळा, पण त्याला ओरिजिनल म्हणू नका.

गोव्यात यात अजून एक घोळ होतो. कोणाचा मामा तारवटी, तो जहाजावरून अमेरिकेतला कन्सोल आणणार, कोणाची बहीण लंडनला नाहीतर लिस्बनला, तिच्याकडून आलेली कॅसेट युरोपची. दोन घरांत एकाच नावाचा गेम, पण एक 60 चा आणि एक 50 चा, मग भांडण लागणारच ना! 1991 चा पहिला सॉनिक युरोपातल्या मेगा ड्राइव्ह या सेगाच्या कन्सोलवर खेळून बघा, पळणारं जनावर दम लागल्यासारखं वाटतं, म्युझिकही तेवढंच रडतं. आणि हे फक्त जुन्या मशिनांचं नाही, सोनीने 2018 मध्ये प्लेस्टेशन क्लासिक काढला तेव्हा त्यातल्या 20 पैकी 9 गेम 50 हर्ट्झवाल्या, म्हणजे सेकंदाला 50 फ्रेमच्या, युरोपियन आवृत्तीचे होते, टेकन 3 सुद्धा. लोक तेव्हा उगाच नव्हते चिडले. तेव्हा तुलना करायच्या आधी रीजन, म्हणजे आवृत्ती कुठल्या देशातली ते, बघा, मग बाकीचं बोला.

नाव एकच, गेम दुसराच

अलादीन घ्या. 1993 मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला तो व्हर्जिनने केलेला, त्यात अलादीनच्या हातात तलवार. त्याच वर्षी सुपर निन्टेन्डोवर आला तो कॅपकॉमचा, त्यात तलवार नाहीच, सफरचंदं फेका आणि शत्रूच्या डोक्यावर उड्या मारा. हे एकमेकांचे पोर्ट (तोच गेम दुसऱ्या मशिनवर नेलेला) नाहीत, दोन वेगळ्या कंपन्यांनी एकाच सिनेमावर केलेले दोन वेगळे गेम, त्यामुळे ‘सेगाच्या पोर्टमध्ये तलवार वाढवली’ असं कोणी म्हणालं की समजायचं याने बाहेरचा डबाच बघितलाय.

प्रिन्स ऑफ पर्शिया थोडा वेगळा प्रकार. 1989 चा मूळ गेम अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवरचा, राजकन्येला सोडवायला 60 मिनिटं. आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जो खेळला गेला तो डॉसवरचा, म्हणजे विंडोजआधीच्या पीसीवरचा. सुपर निन्टेन्डोच्या आवृत्तीत मात्र लेव्हल वाढवून 20 केल्या आणि वेळ 120 मिनिटं दिला, नवीन सापळे, नवीन शत्रू. मग ‘मी एका तासात संपवला होता, तुला दीड तास कसा लागला’ यावर हसणारा आणि ज्याला हसतोय तो, दोघं वेगवेगळे गेम खेळलेले असू शकतात. काँट्रा तर युरोपात प्रोबोटेक्टर या नावाने गेला आणि माणसांच्या जागी रोबो आले, जपानी आवृत्तीत बर्फ पडताना दिसतो आणि मध्ये कथेचे सीन येतात, अमेरिकन आवृत्तीत ते गायब.

पोर्ट, रिमास्टर, रिमेक एकाच पोत्यात भरणं

जत्रेत तेच संगीत नाटक तीन मंडळ्या करतात तेव्हा आपण बरोबर ओळखतो कोणी फक्त स्टेज बदललं, कोणी कपडे आणि लाइटिंग नवं केलं, आणि कोणी संहिताच नव्याने लिहून काढली. गेमला तोच नियम लावा. पोर्ट म्हणजे स्टेज बदललं, रिमास्टर म्हणजे तोच गेम चकाचक केला, रिमेक म्हणजे पायापासून नवीन.

सायलेंट हिल 2 या भीतीच्या गेमचं उदाहरण बघा, मूळ गेम 2001 चा, 2012 ला एचडी कलेक्शन आलं, आणि 2024 ला ब्लूबर टीमचा रिमेक. ‘रिमेक बेकार, धुकंच घालवलं’ असं जे म्हणतात ते बऱ्याचदा 2012 च्या कलेक्शनबद्दल बोलत असतात, आणि तो रिमेक नव्हताच. गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीकडे फायनल गेमचा पूर्ण सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) उरला नव्हता, टीमला अर्धवट कोडवर काम करावं लागलं, म्हणून धुक्याची ती दैना. शॅडो ऑफ द कोलोससमध्येही तीन आवृत्त्या, 2005 ची मूळ पीएस टू वर, 2011 चा रिमास्टर, 2018 चा रिमेक, आणि व्हिडिओत कुठली चाललीय ते न बघता लोक बिनधास्त निकाल देतात.

रेसिडेंट इव्हिल 2 मध्ये उलटी चूक होते. 1998 च्या गेममध्ये कॅमेरा कोपऱ्यात ठोकलेला, 2019 च्या रिमेकमध्ये तो खांद्यामागे आला, आता यात ‘कंट्रोल सुधारले’ म्हणून जुन्याला शून्य मार्क देण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वळणावर काय आहे ते न दिसणं हीच तर त्याची भीती होती. दोन्ही आवडू शकतात हो.

आणि जीटीएची (ग्रँड थेफ्ट ऑटोची) 2021 ची डेफिनेटिव्ह एडिशन! तिला रिमेक म्हणून शिव्या घालू नका, रिमास्टर म्हणून खुशाल घाला. मोबाइल पोर्टवर उभी केलेली, पोस्टर-पाट्या सॉफ्टवेअरने मोठ्या केल्या त्यात अक्षरांचा चुथडा, एका दुकानाच्या पाटीवरचा नटबोल्टातला नट गोल गुळगुळीत चाक होऊन बसला. पण 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मोठा अपडेट आला आणि जुन्या गेमसारखी लाइटिंग निवडता यायला लागली, त्यामुळे आज मत देणार असाल तर आधी अपडेट करून खेळा.

टीव्ही तपासा, मग गेमला बोला

जुना गेम 4:3 चा, आणि घरोघरी तो 16:9 वर ताणून चालू, मारिओ बुटका आणि जाडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा. उडी उशिरा लागतेय? पोर्टला दोष देण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, चित्र गुळगुळीत करणारी सगळी सेटिंग बंद करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सॉनिकचा धबधबा उभ्या रेघांचा दिसतो म्हणून ग्राफिक्स फालतू असं नाही, डब्बा टीव्हीवर पिवळ्या-पांढऱ्या वायरीतून यायचा तेव्हा त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं, तेच गृहीत धरून काढलेलं चित्र आहे ते. डक हंटची जुनी बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही, कितीही जवळ जाऊन मारा. ट्रिगर दाबल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड पकडते. नवीन टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ संपलेली असते.

मशीन जाळू नका

मामाने आणलेलं मशीन थेट प्लगात घालू नका. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100. अडॅप्टरवर इनपुट 100-240 लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पिन बसली म्हणून अडॅप्टरही बदलून लावू नका, अमेरिकन निन्टेन्डोचा अडॅप्टर एसी सोडतो आणि फॅमिकॉमला डीसी लागतं, तेही आतली पिन निगेटिव्ह असलेलं.

पावसाळ्यात चित्र फुटायला लागलं की ‘ही आवृत्तीच खराब’ म्हणण्याआधी कॅसेट बाहेर काढा, आपल्या हवेत त्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतातच. फुंकर मारू नका, तोंडातली ओल आत जाते आणि गंज वाढतो. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या हाताने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मगच मशिनात घालायचं.