मित्रदेशाला मोहिमेत थांबवताना या चुका टाळा

सैन्य परत न्यायला निघालेल्या मित्रदेशाला आंतरराष्ट्रीय मोहिमेत थांबवायचं, हा विषय मॉडेल यूएनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करायच्या, स्पर्धेत आला की परीक्षकाच्या खुर्चीत मी कपाळाला हात लावतो. पोरांचा पत्राचा मसुदा दहा मिनिटांत तयार! त्या देशात सरकार कुणाचं, निवडणूक कधी, हे बघायला मात्र कुणाला वेळ नसतो.

आधी पत्र, मग चौकशी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेदरलँड्सचे सुमारे दोन हजार सैनिक २००६ पासून अफगाणिस्तानात उरुझगान प्रांतात होते. २००७ मध्ये मुदत वाढवताना सरकारनं शब्द दिला होता की ऑगस्ट २०१० नंतर मुक्काम नाही. तरी फेब्रुवारी २०१० मध्ये नाटोचे सरचिटणीस रासमुसेन यांनी पत्र धाडलं: छोटं प्रशिक्षण पथक ठेवा, आणखी वर्षभर थांबा. मागणी तशी माफकच. परराष्ट्रमंत्रीही अनुकूल होते, पण ते एका पक्षाचे आणि 'नाही' म्हणणारे उपपंतप्रधान वाउटर बोस आघाडीतल्या दुसऱ्या, मजूर पक्षाचे. त्यात मार्चच्या सुरुवातीला स्थानिक निवडणुका. मागणी चारचौघांत आली आणि 'बघू' म्हणायची सोयच संपली. रात्रभर बैठक चालली, २० फेब्रुवारीला पहाटे पंतप्रधान बाल्केनेंडे यांचं सरकार पडलं आणि १ ऑगस्टला डच तुकडीनं उरुझगानची सूत्रं सोडली.

आघाडीत एका मंत्र्याचा होकार म्हणजे सरकारचा होकार नव्हे, हे महाराष्ट्रातल्या पोरांना मी काय शिकवायचं?

माझी सवय साधी आहे. 'नाही' नेमकं कोण म्हणतंय आणि त्यानं कुणाला काय शब्द दिलाय, एवढं एका कागदावर लिहायचं. ते लिहून होईपर्यंत पत्राला हात लावायचा नाही.

रिकाम्या हातानं आग्रह

कॅनडाचं उलट झालं. त्यांचे सैनिक अफगाणिस्तानात कंदाहारला होते. जानेवारी २००८ मध्ये कॅनडा सरकारनं नेमलेल्या मॅन्ली समितीनं अटीच घातल्या: मित्रदेशांनी तिथं आणखी हजार सैनिक द्या, हेलिकॉप्टर आणि ड्रोन मिळू द्या, तर थांबू. मार्चमध्ये संसदेनं २०११ पर्यंत मुदतवाढ दिली. एप्रिलमध्ये फ्रान्सनं पूर्व अफगाणिस्तानात तुकडी द्यायचं कबूल केलं, म्हणून अमेरिकेला कंदाहारकडे सैनिक वळवता आले. अट घालणारा गडी बहुतेक वेळा थांबायलाच तयार असतो. पोरं मात्र अट ऐकली की बिथरतात.

दुखणं एक, औषध भलतंच

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत आपले तीन हजारांवर जवान होते. मोहिमेचे भारतीय सेनाप्रमुख मेजर जनरल जेटली यांचं नायजेरियन अधिकाऱ्यांवर आरोप करणारं टिपण फुटलं, वाद नेतृत्वावर आला आणि सप्टेंबरमध्ये भारतानं माघार जाहीर केली. हा प्रसंग दिला की निम्मे संघ सैनिकांचा भत्ता वाढवून देतात! भांडण हुकमाचं असताना पैसे काय कामाचे?

किरकोळ, पण नडणाऱ्या

जुने उपकार मोजू नका. 'जवानांचं बलिदान वाया जाईल' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. ते म्हणायचा हक्क त्यांच्या घरच्यांचा.

आणि 'नाही' ऐकल्यावर दार आपटू नका. त्याच नेदरलँड्सच्या संसदेनं जानेवारी २०११ मध्ये अफगाणिस्तानातल्याच कुंदुझला पोलिस प्रशिक्षणासाठी माणसं पाठवायला मंजुरी दिली. त्या पोलिसांना लष्करी चढाईत वापरायचं नाही, ही अट विरोधी बाकांवरच्या एका छोट्या पक्षानं आधी वसूल केली होती.