चिंध्यांची कोंबडी आणि उरलेल्या तुकड्यांचा पाऊच

ब्लाउज शिवायला टाकला की टेलरकाकांना मी आधीच सांगून ठेवते, काका कातरणं फेकू नका, मला द्या. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं, आता स्वतःहून कॅरीबॅग भरून ठेवतात, त्यात माझ्या ब्लाउजचे दोन तुकडे असतात आणि बाकी अख्ख्या सोसायटीचे.

तर या तुकड्यांची भरलेली कापडी कोंबडी आणि उरलेल्यांचा चेनचा पाऊच कसा शिवायचा ते सांगते. आधी तुकडे निवडायचे. सगळे रंग जुळवत बसतात, मीपण तेच करायचे, पण रंग नंतर, आधी जाडी बघा. तुकडा चिमटीत धरून चोळायचा, साधारण एकसारखे लागतात ते एका ढिगात. मलमल आणि जीन्स शेजारी शेजारी शिवलं ना की पातळ कापड ओढलं जातं, शिवण सुरकुतते आणि भरल्यावर सगळा फुगवटा पातळ बाजूलाच येतो, कोंबडीला गळू झाल्यासारखं दिसतं. खण वापरायचा मोह होतोच, वापरा की, पण त्याचे धागे भयंकर सुटतात म्हणून मागून फ्यूजिंग चिकटवून घ्या, ब्लाउजच्या गळ्याला लावतात तेच. नवीन सुती कापड एकदा पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा, नाहीतर पहिल्या धुण्यात एक चौकोन आटतो आणि बाकीचे तसेच राहतात.

आता कोंबडी. 3 इंचाचे 8 चौकोन कापा. कार्डबोर्डचा एक चौकोन कापून ठेवला आणि त्याभोवती खडू फिरवला की काम पटकन होतं. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारं कापड, पाव इंच. चार चौकोन जोडून एक मोठा चौकोन, असे दोन करायचे, म्हणजे प्रत्येक साडेपाच इंचाचा होईल. प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवाच, कंटाळा येतो मान्य आहे, पण मधली चार टोकं एका ठिकाणी जुळणं सगळं त्या इस्त्रीवर असतं.

मशीन नसेल तर हाताने करा, काही बिघडत नाही, फक्त धावदोरा नको, उलटी टीप घाला. गोधडीला धावदोरा चालतो कारण तिथे सगळे थर एकमेकांना धरून असतात, इथे आतलं भरण शिवणीला बाहेर ढकलत राहतं आणि धावदोऱ्याच्या फटीतून कापूस डोकावतो.

चोचीसाठी 2 इंचाचा पिवळा चौकोन तिरका दुमडा, परत एकदा दुमडा, छोटा त्रिकोण होतो. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्या चार कोपऱ्यांना असेच दुमडलेले त्रिकोण लावतात आणि त्यांना फुला म्हणतात, मला तर चोच करताना दरवेळी तेच आठवतं. तुऱ्यासाठी लाल रिबीन 6 इंच, तिचे तीन वेढे.

एक मोठा चौकोन सुलट बाजू वर करून ठेवा. वरच्या कडेला, डाव्या कोपऱ्याच्या अगदी जवळ, तुरा ठेवायचा. त्याच कोपऱ्याच्या खाली, डाव्या कडेला अर्धा इंच सोडून चोच. दोन्हींची टोकं आत, कापडाच्या मध्याकडे, आणि उघड्या कडा बाहेर. हे नीट वाचा कारण मी पहिल्या दोन कोंबड्यांना तुरा बाहेर तोंड करून शिवला आणि उलटवल्यावर तो पोटात गेला, बाहेर नुसती टकली कोंबडी. शेपूट हवी असेल तर वरच्याच कडेला दुसऱ्या टोकाला, उजव्या कोपऱ्यात, रिबिनीचे दोनतीन तुकडे. टाचण्या लावा, दुसरा चौकोन सुलट बाजू खाली करून वर ठेवा, डावी, वरची आणि उजवी अशा तीन बाजू शिवा.

आता गंमत. खालचं उघडं तोंड आहे त्याप्रमाणे सरळ शिवलं तर उशी होईल. तसं न करता ते तोंड फाकवा आणि डावी शिवण उजव्या शिवणीवर आणून टेकवा, म्हणजे तोंड आडवं होतं, आणि आता शिवा, मधे दीड-दोन इंच सोडून. उलटवली की चपटी पिशवी एकदम तीन कोपऱ्यांवर बसणारी कोंबडी होते, मान वर करून. माझ्या भाचीला हा भाग जादूसारखा वाटतो, ती मला प्रत्येक वेळी थांबवून स्वतः उलटवते.

भरायला काय? मी एकदा शहाणपणा करून तांदूळ भरले होते, वजन छान येतं, कोंबडी ठाम बसते. पावसाळ्यात एक दिवस शोकेसच्या काचेवर छोटे छोटे किडे रांगेत चालताना दिसले, कुठून येतात म्हणून सगळे कप्पे रिकामे केले आणि शेवटी कोंबडी हातात घेतली तर शिवणीतून बाहेर येत होते. तेव्हापासून धान्य, कडधान्य काहीही नाही. जुन्या उशीतलं फायबर सगळ्यात चांगलं, धुतलं तरी कापसाइतके गोळे होत नाहीत. चिंध्या भरायच्या तर नखाएवढ्या बारीक कापा, नाहीतर हाताला गुठळ्या लागतात. भरताना आधी चोचीचा कोपरा गच्च भरा, मग बाकीचं. दाराला टेकण म्हणून हवी असेल तर खाली छोट्या पिशवीत काचेच्या गोट्या घालून तोंड शिवून टाका, पण ती मुलांना खेळायला द्यायची नाही. शेवटचं भोक हाताने, दोन्ही कडा आत दुमडून, एकदा इकडच्या घडीत सुई एकदा तिकडच्या, दोरा ओढला की टाका दिसेनासा होतो.

डोळ्याला बटण मोठ्यांच्या घरात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर काळ्या दोऱ्याने डोळा भरा, कारण बटण तोंडात जातंच.

उरलेल्या लांबट पट्ट्यांचा चेनचा पाऊच होतो. पट्ट्या जोडून 8 बाय 6 इंचाचे दोन तुकडे, तेवढेच दोन अस्तराचे, आणि मीटरवर मिळते ती चेन 9 इंच, रनर वेगळा घ्यायचा. बाहेरचं कापड सुलट वर, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथं, आणि तिन्हीतून एकच टीप. पलटवून कडेने अजून एक टीप मारा म्हणजे अस्तर चेनमधे अडकणार नाही. दुसऱ्या बाजूला तसंच. मग बाहेरचं बाहेरच्यावर, अस्तर अस्तरावर, सुलट बाजू आत, चेन अर्धी उघडायची, आणि चारी बाजूंनी शिवायचं, अस्तराच्या खालच्या कडेला 3 इंच सोडून. चेनच्या टोकावर मशीनचं चाक हाताने फिरवा, सुई मोडते, शिवाय धातूची असेल तर दातावर टीप येऊच देऊ नका. चेन उघडायला विसरलात तर पाऊच आतल्या आत बंद होतो, मी अस्तरातून बोट घालून रनर शोधत बसले होते अर्धा तास. उलटवल्यावर कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काढा, कात्रीने नाही, भोक पडतं.