एलातच्या डोंगरावर शिकारी पक्षी मोजताय? या चुका टाळा

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आफ्रिकेतून परतणारे शिकारी पक्षी सिनाई ओलांडून इस्रायलच्या दक्षिण टोकाला, एलातच्या डोंगरांवर येतात. जमीन तापली की हवा वर चढते आणि त्या झोतावर रुंद पंखांचे पक्षी फुकटात उंची गाठतात. समुद्रावर ही सोय नसते, म्हणून भूमध्य आणि तांबडा समुद्र यांच्यामधली जमीन त्यांना सोयीची. १९८५ च्या वसंतात इथे एकट्या युरोपीय मधुबाजांची संख्या साडेआठ लाखांवर गेली होती. इतके पक्षी जात असताना पद्धतीतली बारीकशी चूक हजारोंनी महागात पडते.

घिरट्या घालणारा थवा मोजणे

नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच. झोतात गोल फिरणारे पक्षी एकमेकांना झाकतात, खालून नवे येत राहतात आणि वरून जुने निघून जातात. तो आकडा कधीच जुळत नाही. पक्षी उंची गाठून झोत सोडतात आणि पंख स्थिर ठेवून एकामागे एक तरंगत निघतात, त्या वेळी मोजा. थवा लहान असेल तर एकेक. मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते पाहा आणि तेवढ्या मापाने पुढे सरका. मधुबाजांच्या लोंढ्यात हे माप शंभराचे करावे लागते. माप फक्त विरळ कडेवरून ठरवले तर दाट मधला भाग कमी भरतो. मोठ्या थव्यांचे अंदाज बहुधा कमीच येतात ते यामुळे. शंका वाटली तर तरंगत्या रांगेचे फोटो घ्या, वेळ नोंदवा आणि संध्याकाळी पडद्यावर मोजून पाहा. क्लिकर, म्हणजे दाबले की एकेक आकडा वाढवणारे हातातले यंत्र, फक्त त्या दिवशीच्या सर्वांत जास्त जातीसाठी ठेवा, बाकीच्या जाती कागदावर.

दुपारी पक्षी थांबले असे समजणे

सकाळी डोंगराच्या कडेने डोळ्यांसमोरून पक्षी जातात आणि अकरा-बारानंतर आकाश रिकामे दिसते. बरेचदा पक्षी जातच असतात, फक्त झोत उंच गेल्याने साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. निळ्या आकाशात नजरेला टेकायला काही नसते, म्हणून डोळा जवळच कुठेतरी फोकस धरतो. ८ किंवा १० पटीची दुर्बीण आधी दूरच्या कड्यावर किंवा ढगाच्या कडेवर फोकस करा आणि मग आकाश पट्ट्यापट्ट्याने पाहा. डोक्याच्या थेट वरचा भाग हमखास सुटतो. मागे रेलता येईल अशी खुर्ची इथे चैन नाही, ते मोजणीचे साधन आहे. दर तासाला माणूस बदला, कारण थकलेला डोळा सर्वांत आधी उंचावरचे पक्षी सोडतो.

रेषा न ठरवणे

एलातजवळचा योआश डोंगर ७३४ मीटर उंच आहे. त्याच्यासारख्या माथ्यावरून चहूकडे दिसते आणि म्हणूनच दुबार मोजणी होते. माथ्यापासून एखाद्या ठळक खुणेपर्यंत काल्पनिक रेषा आखा. ती ओलांडून उत्तरेकडे गेला तोच पक्षी मोजायचा. परत फिरला तर वजा करायचा. संध्याकाळी थवे घळींमध्ये मुक्कामाला उतरतात. रेषेच्या अलीकडे उतरलेले उद्याच्या खात्यात जातात, पलीकडे उतरलेले आज मोजून झाले. हा नियम पाळला नाही तर तेच पक्षी सकाळी पुन्हा आकड्यात येतात.

वारा बदलला की थव्यांचा मार्गही पूर्व-पश्चिम सरकतो. मोजणीचे दुसरे ठाणे असेल तर दोघांनी प्रत्येक मोठ्या थव्याची वेळ आणि दिशा लिहावी आणि बेरजेआधी ती ताडून पाहावी.

तारखेवरून जात ओळखणे

मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात स्टेप बझर्ड या रुंद पंखांच्या शिकारी पक्ष्याची, एप्रिलचा शेवटचा भाग लेव्हंट स्पॅरोहॉकचा, मेचा पहिला आठवडा मधुबाजाचा. हे वेळापत्रक खरे असले तरी ते ओळखीचा पुरावा नाही. बझर्ड घिरट्या घालताना पंख किंचित वर, उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो. मधुबाज ते सपाट ठेवतो. त्याचे डोके लहान व पुढे आलेले, शेपूट लांब. लेव्हंट स्पॅरोहॉक आपल्या शिक्र्याचा भाऊबंद: टोकदार पंख, काळी टोके आणि दाट थवा. साधा स्पॅरोहॉक बहुधा एकटा जातो.

महाराष्ट्रातून गेलेल्यांनी मधुबाजाबाबत विशेष सावध राहावे. आपल्याकडचा मधुबाज वेगळ्या जातीचा असून एलातला क्वचितच दिसतो. त्याच्या पंखाच्या टोकाला सहा 'बोटे', म्हणजे सुटी सुटी पसरलेली पिसे, दिसतात, युरोपीय मधुबाजाला पाच. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणारा स्टेप ईगल मात्र तिथेही तोच. त्याच्या लहान वयाच्या पक्ष्यांच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो. वय जरूर लिहा, कारण प्रौढ आधी जातात आणि तरुण मागून. २०१५ पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, त्यामुळे किती तरुण परतले याला फार मोल आहे.

ओळख पटली नाही तर 'अनोळखी बझर्ड', 'अनोळखी गरुड' असेच लिहा. दिवसभराच्या प्रमाणात ते इतर जातींत वाटून टाकू नका.

घड्याळ आणि शून्य

इस्रायलमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी घड्याळ एक तास पुढे जाते, म्हणजे नेमके बझर्डच्या ऐन गर्दीत. शिवाय सीमेलगत फोन जॉर्डन किंवा इजिप्तचे नेटवर्क पकडून वेळ बदलू शकतो. फोनची आपोआप वेळ बंद करा आणि पूर्ण हंगाम प्रमाणवेळेतच नोंदवा.

प्रत्येक तासाला वाऱ्याची दिशा आणि दृश्यता लिहा. अराव्हा खोऱ्यापलीकडचे जॉर्डनचे डोंगर दिसेनासे झाले की धूळ जास्त आहे असे समजा. धुळीतला शून्य आणि स्वच्छ आकाशातला शून्य वेगळे, पण लिहायचे दोन्ही. पक्षी नसलेला तास कोरा सोडला तर नंतर कुणालाच कळत नाही की तिथे माणूस होता की नव्हता. म्हणून तक्त्यात सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि हजर माणसे असे तीन रकाने ठेवा. १९८५ च्या आकड्याशी आजची तुलना करायची तर किती तास, किती डोळे हे आधी माहीत हवे.