काळ्या रानात पाणी आणि खत देताना या चुका टाळा

पीक पिवळं पडलं की पहिला फोन जातो दुकानदाराला, दुसरा माझ्यासारख्याला, आणि कुदळ घेऊन मुळी बघायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. उन्हाळा लागला की मोबाईलवर पिवळ्या पानांचे फोटो सुरू, खाली एकच प्रश्न, "कशाची कमतरता आहे?" अहो, फोटोत मुळी दिसत नाही! मी लिहितोय ते कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानाबद्दल, वाळवा-मिरज-शिरोळ पट्ट्यातल्या. मुरमाड हलक्या रानाचं गणित वेगळं आहे, ते इकडे लावू नका.

रोज पाणी सोडणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि नव्वद टक्के भानगडी इथूनच सुरू होतात असं माझं ठाम मत आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि आत हवेला जागाच राहत नाही. मुळीला पाण्याइतकीच हवा लागते. जुनी माणसं वाफसा (माती ना चिकट ना कोरडी, आत ओल आणि हवा दोन्ही) आल्याशिवाय रानात पाय टाकू देत नव्हती, पण ठिबक आलं आणि वाफशाचा विषयच संपला, कारण वरून बघितलं की रान कोरडं दिसतं आणि मल्चिंग पेपरखाली काय चाललंय ते कुणी बघत नाही. त्यात बऱ्याच ठिकाणी लाईट आठ तास, ती पण एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, मग ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं यंत्र) टाकून झोपायचं आणि लाईट जाईपर्यंत मोटर चालू.

जरा हिशोब करून बघा. ४ लिटरचा ड्रिपर, ४० सेंटीमीटरवर एक, लॅटरल (ठिबकची नळी) ५ फुटांवर. एका तासात साडेसहा मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे एकरी २६ हजार लिटरच्या पुढे. एप्रिलच्या कडक उन्हात पूर्ण वाढलेलं पीक दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी पितं. मग आठ तास मोटर चालली तर आठवड्याचं पाणी एका रात्रीत गेलं की नाही? आणि दुसऱ्या रात्री परत तेच.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका पोराचा टोमॅटो बघायला गेलो. पोरगा शिकलेला, मन लावून करणारा, पण दम नाही. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बघितलं तर कुणीही लोहाची कमतरता म्हणेल, दुकानदारानेही तेच सांगितलं आणि फेरस (लोहाचं खत) दिलं. फरक पडला नाही म्हणून ह्युमिक, मग १९:१९:१९ (नत्र, फॉस्फरस, पोटॅश सारख्या भागात असलेलं खत), मग मायक्रोन्यूट्रियंटचा स्प्रे, आणि प्रत्येक वेळी औषध खाली जावं म्हणून वर आणखी पाणी. मी गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "काका, आता काय सोडू?"

मी कुदळ मागितली. पेपरची कड उचलून ड्रिपरच्या शेजारी वीतभर उकरलं तर माती लोण्यासारखी चकचकीत, कुदळीला चिकटून बसलेली, आणि गटाराचा वास. एक मुळी हातात धरून ओढली तर वरची साल बोटात राहिली आणि आतला दोरा तेवढा बाहेर आला. पांढरी मुळी शोधून सापडेना. मी म्हटलं, काही सोडू नकोस, मोटर बंद कर. पोरगं घाबरलं, "एवढ्या उन्हात? जळून जाईल की हो!" त्याला पटेना, शेवटी त्याच्या आज्जीने स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं तेव्हा पाणी थांबलं.

चार-पाच दिवसांनी वाफसा आला. त्यानंतर एक दिवसाआड, तेही तासभरच. पंधरवड्यात शेंड्याला नवीन पान हिरवं आलं, उकरून बघितलं तर बेडच्या कडेला पांढऱ्या मुळ्या धावायला लागलेल्या. ओढ्याकडचा उताराचा भाग मात्र गेला तो गेलाच, तिथं पाणी साचून मर लागली होती.

झालं काय होतं ते सांगतो. आपल्या मातीत चुनखडी भरपूर. तिच्यात पाणी साठून राहिलं की मुळ्यांचा कर्बवायू बाहेर पडत नाही, बायकार्बोनेट वाढतं, आणि मातीत लोह असूनही पिकाला ते वापरता येत नाही. असल्या रानात फेरसची पुडी ओतून काय होणार? शिवाय स्वस्तातलं चिलेटेड (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) लोह बहुतेक ईडीटीएचं असतं, ते ८ च्या सामूच्या (पीएचच्या) मातीत टिकतच नाही. मातीतून द्यायचंच असेल तर ईडीडीएचएचं घ्या, महाग आहे पण काम करतं. पण आधी पाणी कमी करा, निम्म्या वेळा लोहाची गरजच उरत नाही.

मी घड्याळावर पाणी देत नाही, खुरप्यावर देतो. वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबायची. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर रान ठीक. चिकटून हात बरबटला तर त्या दिवशी पाणी नाही, ऊन कितीही असू दे. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून मोटर चालू करू नका, संध्याकाळी ते आपोआप ताठ होतं का तेवढं बघा.

टाकीत सगळी खतं एकत्र

कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० (फॉस्फेटचं खत) एकाच टाकीत ओतणारे आजही भेटतात. वेळ वाचतो म्हणे! दोन मिनिटात टाकीत दही होतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटची गाठ पडली की ते परत विरघळत नाही. ०:५२:३४ (तेही फॉस्फेटचंच) बरोबर तेच, आणि ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेटबरोबर कॅल्शियम गेलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा गाळ, तयार होतो. पैसे देऊन आणलेलं खत पिकाला मिळत नाही आणि ड्रिपर बुजतात ते वेगळंच. मी एका द्राक्षबागेत लॅटरलची एंड कॅप काढली तर चुन्याच्या निवळीसारखं पाणी आलं, आणि बागायतदार म्हणतोय कंपनीची नळी खराब आहे. नळीचा काय दोष त्यात?

कॅल्शियमचा दिवस वेगळा ठेवा, बस. शंका असेल तर दोन्ही खतं काचेच्या बाटलीत, ज्या पाण्यात सोडणार त्याच पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवा, गढूळ झालं की समजा. आणि ड्रिपर बुजलेच तर ॲसिड सोडताना आधी पाणी घ्या मग त्यात ॲसिड, उलटं कधीही करू नका, उकळून अंगावर उडतं.

खत सुरुवातीलाच सोडून वर तीन तास पाणी चालवणं हीसुद्धा चूकच, नत्र मुळीच्या खाली निघून जातं. आधी थोडं पाणी, मग खत, शेवटी पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी.

पांढरं रान दिसलं की जिप्सम

सरीच्या वरंब्यावर मीठ फुललं की लोक ट्रॉलीभर जिप्सम टाकतात. खारवट आणि चोपण यातला फरक आधी समजून घ्या. क्षार विरघळणारे असतील तर रान खारवट, त्याला जिप्समची गरज नाही, निचरा आणि गोडं पाणी पाहिजे. सोडियम मातीला चिकटला असेल, सामू साडेआठच्या वर असेल तर चोपण, तिथं जिप्सम लागतो, तो सोडियम मातीपासून सुटा करतो. पण चर नाही, सच्छिद्र पाईप नाही, तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? तिथंच बसणार. निचऱ्याचा खर्च मोठा आहे, मान्य, एकट्याने जमत नाही, गटाने करा. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात याच कामातली माणसं आहेत, पैसे घालवण्याआधी त्यांना विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

युरिया ओल्या रानावर फेकून तसाच सोडू नका. आपली माती विम्लधर्मी (अल्कली), वर ऊन, अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड करा नाहीतर लगेच हलकं पाणी द्या.

ऊस तोडल्यावर राहिलेलं पाचट पेटवू नका. एकरी एक पोतं युरिया, एक पोतं सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून सरीत दाबा. घाई असणाऱ्यांनाच काडी सुचते, मग सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला म्हणून रडतात.

दरवर्षी डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, ओतणाऱ्यांनी एकदा मातीचा रिपोर्ट काढून बघावा, स्फुरद आधीच साठलेलं असतं आणि जास्तीच्या स्फुरदाने जस्त अडतं.

मातीचा नमुना बांधावरून, झाडाखालून, उकिरड्याजवळून घेऊ नका, आणि खत टाकल्यावर लगेच तर नकोच. नागमोडी फिरून पंधरा-वीस ठिकाणचा वीतभर खोल थर घ्या, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. सोबत बोअरच्या पाण्याची बाटलीही द्या, कारण खारं पाणी चालू राहिलं तर मातीचा रिपोर्ट दोन वर्षात बदलतो.